डाव्या पायाचा बूट

"लोकर अजून भर, माई. टेकडी चढताना बूट निसटला तर पंचाईत व्हायची," असं म्हणत दुनखाने डावा पाय लासरच्या पुढ्यात सरकवला.

लासरने लोकरीचा बोळा बुटाच्या टोकात कोंबला. त्या पायाला तीन बोटं नव्हती. लहानपणी दुनखा गोठलेल्या तळ्यावर नाचत सुटला आणि बर्फ फुटून आत गेला. चुलतभाऊ एर्ननने त्याला ओढून काढलं, पण बोटं काळी पडून गळाली. राजघराण्यातली ही दोन्ही पोरं रिवाजाप्रमाणे लासरकडे वाढायला दिलेली होती. अंगात व्यंग असलेला माणूस राजा झाला की गाई आटतात, सातूची कणसं भरत नाहीत, हे त्या मुलखातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून लासरने दोघांना चुलीपुढे बसवून कुणाला न सांगायची शपथ घातली. लोकांना सांगितलं, पोराला थंडी बाधते, त्याचे बूट काढायचे नाहीत. इतकी वर्षं हे खोटं तिने पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं.

आज दुनखा राजा होणार होता. खरं तर राजा निवडणाऱ्या सभेचा कल एर्ननकडे होता. पण मागच्याच महिन्यात तिच्या अंगणात काठीने चेंडू मारायचा खेळ रंगला आणि दुनखाची काठी लागून एर्ननचा डोळा गेला. त्या दिवशी त्याला जेवायचं बोलावणं लासरनेच धाडलं होतं. "एकदा तिघं मिळून जेवू, माई. मग राजा कोणी का होईना," असं दुनखा म्हणाला होता आणि तिला भरून आलं होतं.

"जाताना एर्ननशी दोन शब्द बोल," ती म्हणाली. "बाहेर ओसरीवर बसलाय. खेळात लागलं ते लागलं, पण तू एकदाही त्याच्याजवळ बसला नाहीस."

दुनखा हसला. "माई, फारच भोळी गं तू. मी काय काल खेळायला शिकलो? माझी काठी कुठे बसते ते मला कळत नाही होय?"

लासरचा हात बुटातच राहिला.

"अशी बघू नकोस. जीव तर नाही ना घेतला? लोक सख्खे भाऊ पुरतात. मी डोळ्यावर भागवलं."

"अरे, तुझ्यासाठी तोंड शिवून बसला रे तो! सभेत एक शब्द बोलला असता तर..."

"बोलला नाही ना? आता बोलला तरी काण्याचा जळफळाट म्हणतील. आणि तू फार डोकं लावू नकोस. बोलावणं तूच धाडलं होतंस."

लासरला थोबाडीत बसल्यासारखं झालं. आपल्या हातचं जेवण त्याने गळाला लावलं आणि आपणही दारात उभं राहून एर्ननला हाका मारत होतो. तिने बूट चढवला आणि वादी आवळली.

टेकडीवर सगळा मुलूख लोटला होता. मधोमध पावलाच्या आकाराचा खळगा कोरलेला दगड होता. राजाने त्यात उजवं पाऊल अनवाणी ठेवायचं, आणि त्या पायातला बूट काढायचा मान त्याला वाढवणाऱ्या बाईचा. भाट पूर्वजांची नावं घेऊ लागला. लासर गुडघे टेकून बसली आणि तिने डाव्या पायाला हात घातला.

"माई, उजवा," दुनखा ओठ न हलवता पुटपुटला.

"ठाऊक आहे मला."

"माई, अगं लोक बघताहेत!"

"बघू देत."

तिने वादी सोडली. पाय मागे घ्यावा तर तोल जाऊन सगळ्यांदेखत आपटायची वेळ, म्हणून दुनखा एका पायावर तसाच उभा राहिला. बूट निघाला, लोकरीचा बोळा गवतात पडला. भाट पणजोबाच्या नावापाशी अडकला. मागे कोणीतरी फिसकन हसलं, मग तेही थांबलं. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं एकेक करून पाठ फिरवू लागली.

एवढं केल्यावर जीव निवेल असं लासरला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. दुनखा मटकन त्या दगडावरच बसला. त्याचा चेहरा तिला बघवेना, म्हणून ती पायाकडेच बघत राहिली. वर वारा फार होता आणि पाय गारठला होता. लासरने तो मांडीवर घेतला आणि काय करतो आहोत हे कळायच्या आत दोन्ही तळव्यांनी चोळू लागली.