बँजोची गुरगुर

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या ग्रँड फायनलच्या दुपारी बँजोला संघाचा मफलर घालून टीव्हीसमोरच्या सोफ्यावर बसवायचं, हा माझ्या धाकट्या भावाच्या, क्लिफच्या, घरचा नियम. तीन वर्षांपूर्वी हा कुत्रा चुकून तसा बसला आणि आपण जिंकलो. तेव्हापासून चांगली शहाणीसुरती माणसं त्याला सामना संपेपर्यंत उठू देत नाहीत. मी वीस वर्षं कुत्र्यांच्या पाळणाघरात काढली, पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण.

शेवटची दहा मिनिटं उरली होती आणि आपण चार गुणांनी मागे होतो, एका गोलाचे सहा मिळतात. खोलीत बारा माणसं ओरडत होती. आपला गोल झाला की क्लिफची तीन वर्षांची नात, टिली, बँजोच्या गळ्यात पडायची. बँजोने जांभई दिली.

"कंटाळला बघ बिचारा," क्लिफ हसला.

"कंटाळला नाहीये, घाबरलाय. सारखे ओठ चाटतोय, कान मागे गेलेत. बाहेर सोड त्याला."

"आत्ता? लॉरेन, हरलो ना, तर हे सगळे तुझ्या नावाने खडे फोडतील."

"आणि पोरीला चावला तर?"

"बँजो? अगं, तो आता गुरगुरतसुद्धा नाही. आधी गुरगुरायचा तिच्यावर. दर वेळी नाकावर एक चापट दिली. महिन्याभरात सुतासारखा सरळ."

कुत्रा गुरगुरतो म्हणजे 'आता पुरे' म्हणतो. या शहाण्याने तेवढंच मारून बंद केलं होतं. आता उरले होते फक्त दात.

गोल झाला. घर दणाणलं. टिलीने बँजोची मान आवळली आणि त्याच्या तोंडाला गाल लावला. बँजो दगडासारखा झाला. तोंड मिटलेलं, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या. त्याला ओढायला गेले असते तर त्याने तिथेच तोडलं असतं. मी टीव्हीची वायर उपसली.

बारा माणसं माझ्याकडे बघत राहिली.

"कुणी जागचं हलू नका," मी हळूच म्हटलं. "टिली, राणी, इकडे ये. सॉसेज देते."

टिलीने मान सोडली. पण घसरून उतरताना तिने आधाराला मफलर ओढला. क्षणापूर्वी तिचा गाल होता तिथे, हवेत, बँजोचे दात कटकन वाजले.

तिच्या आईने तिला उचललं. बँजो पोट जमिनीला टेकवत कपडे धुण्याच्या खोलीत गेला आणि मशीनमागे शिरला. टीव्ही लावायला कुणी उठलं नाही.

क्लिफ त्या खोलीच्या दारात उकिडवा बसला. "लॉरेन, थरथरतोय गं तो."

"हात घालू नकोस. नजर दुसरीकडे ठेव आणि नुसता बस. यायचा तेव्हा येईल."

तो बसला. शेजारच्या घरातून आरोळी ऐकू आली. कोण जिंकलं, हे क्लिफने विचारलं नाही. बऱ्याच वेळाने बँजोचं थोबाड मशीनच्या कडेने बाहेर आलं. क्लिफने डोळे पुसायला हात उचलला, तर बँजोने मान खाली घातली, डोळे गच्च मिटले आणि नाक पुढे करून थांबला.