उशा किती?

दवाखान्याच्या जिन्यावर अकराव्या पायरीशी ती थांबली आणि कठड्याला धरून चपलेतला खडा झटकू लागली. खडा नव्हताच. वर पोचलेल्या सासूबाई पिशवी सावरत तिची वाट बघत राहिल्या.

सातवा महिना सरत आला होता. लहानपणच्या सांधेतापाने तिच्या हृदयाची एक झडप आकसली होती, आणि आता दोन जिवांचं रक्त त्या अरुंद वाटेने जायचं म्हणजे जिवाशी खेळ होता. त्रास वाढला तर बाळ लगेच बाहेर काढू, असं डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला सांगितलं होतं. एवढंसं बाळ जगेल का, हे मात्र सांगितलं नव्हतं. म्हणून तिने ठरवलं होतं, खोटं बोलायचं पण रेटून बोलायचं. आणखी तीन आठवडे निघाले की बाळ तरेल. थकवा मात्र असा, की खोटं बोलायलाही श्वास जमवावा लागे.

"झोपताना उशा किती घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

प्रश्न साधा वाटतो, पण त्यातली मेख तिला माहीत होती. आडवं झालं की छातीत पाणी चढतं. त्रास जितका जास्त, तितक्या उशा जास्त.

"एक."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक लिहिला.

"तीन," सासूबाई म्हणाल्या. "तिसरी माझी आहे. परवापासून तर भिंतीला टेकून बसूनच असते."

तिला संताप आला. नातवंडासाठी वर्षभर घर डोक्यावर घेतलं ते ह्यांनीच.

"आई, तुम्हालाच घाई होती ना?"

"होती. अजून आहे." सासूबाईंनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "माझी थोरलीसुद्धा एकच सांगायची. मी शेजारच्या खुर्चीत बसलेली असायचे. गप्प."

थोरली नणंद बाळंतपणात गेली, एवढंच घरात बोललं जायचं. कशाने, ते कुणी काढत नसे, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी एक खोडून तीन केले.

"रात्री खोकला येतो?"

या वेळी सासूबाई बोलल्या नाहीत.

"येतो," ती म्हणाली. "काल गुलाबी फेस पडला."

हे सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं.