मोठ्याने वाच

“मोठ्याने वाच, पोरी! मूग गिळून बसू नकोस.”

मी विमानातल्या काट्यांवरचे आकडे ओरडून वाचायचे. उंची, वेग, इंधन. शेजारी आमचे सर, मान ताठ, हात मांडीवर. वैमानिकाची पदवी देणाऱ्या आमच्या कॉलेजात बाकीचे नुसता फळा खरडायचे, प्रत्यक्ष उडवायला शिकवायचे ते सरच. “कानात गेलं की हातात उतरतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला तर ते ब्रह्मवाक्य होतं.

शेवटच्या वर्षी, लायसन्सच्या परीक्षेआधी, प्राचार्यांनी मला आणि आईला बोलावलं.

“तुझं आजवरचं उड्डाण धरलं जाणार नाही,” ते म्हणाले. “सर डोळ्यांच्या तपासणीत नापास झालेत, तेही तू पहिल्या वर्षाला असताना. आम्हालाही आत्ता कळलं.”

“म्हणजे पोरीनं पुन्हा पहिल्यापासून?” आईने विचारलं.

“पहिल्यापासून. पदवी मिळेल, पण लायसन्स नाही.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझे कान शिकत होते कुठले! सरांना काटे दिसत नव्हते, म्हणून मी वाचत होते.

सर हँगरमध्ये बाकावर बसले होते.

“काटे दिसत नव्हते ना तुम्हाला?”

माझ्या आवाजाकडे वळून ते म्हणाले, “धावपट्टी दिसायची गं. थोडीफार.”

“आणि मला एकटीला वर पाठवलंत, ते?”

“तुझ्यावर भरवसा होता.”

“माझाही तुमच्यावर होता, सर.”

“खाली बसून मी करणार काय होतो, पोरी?”

“मला सांगायचं तरी! केसाने गळा कापलात माझा.”

मला रडू फुटलं, निव्वळ संतापाने. डोळे पुसायचीही गरज नव्हती, त्यांना दिसणार कुठे होतं?

पुढच्या टर्मला शिकवायला नवीन बाई आल्या. मी पहिल्या वर्षाच्या मुलांमागे रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा बाईंनी पट्टा कसा लावायचा ते सावकाश करून दाखवलं.

“याआधी कधी विमान चालवलंयस?”

आडव्या वाऱ्यात मी ते एकटीने उतरवलं होतं.

“नाही, बाई,” मी म्हणाले. “पहिलीच खेप.”

“घाबरू नकोस हं,” बाई म्हणाल्या, आणि माझा पट्टा त्यांनीच लावला.