शून्य बघायचं राहिलं

०१६३. चार बारीक खिडक्या, प्रत्येकीत एक आकडा, आणि शेवटच्या तिनाचा माथा जरासा वर अडकलेला. आता कुठे जागेवर बसतोय की पुढे सरकायच्या बेतात आहे, ते उन्हात नीट कळेना. त्यानं मोजणीयंत्र डोळ्यांजवळ आणलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं मनातल्या मनात शेरा मारला : बनावट सामान्य, खटका सैल, चालेल.

‘चालेल’ हा शब्द त्यानं नोकरीत फारसा खर्च केला नव्हता. वजनमापे निरीक्षक होता तो; दुकानात शिरला की दुकानदार उठून नमस्कार करी, आणि तो नमस्कारही त्याला किंचित कमी भरल्यासारखा वाटे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी रस्त्यावर तो अजून ‘साहेब’च होता—आणि म्हणून तर आज सकाळी आठपासून फाटकाबाहेर घडीची खुर्ची टाकून, मांडीवर पालिकेचा तक्ता घेऊन, तो रस्ता ओलांडणारी माणसं मोजत बसला होता.

योजना सरळ होती. चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी रस्ते सुधारायला पालिकेनं निधी काढला होता : रुंद पदपथ, सायकलींची वेगळी पट्टी, आणि मधोमध उंच केलेली ओलांडणीची जागा, जिथं गाडीवाल्याला झक मारत हळू व्हावंच लागतं. पण निधी एका रस्त्याचा आणि अर्ज नऊ रस्त्यांचे. तेव्हा अट अशी की रहिवाशांनीच मोजावं; आठ ते सहा, दहा तासांत चारशे ओलांडण्या भरल्या तर पुढचं बोलू. रस्ते विभागातली अभियंताबाई, त्याच्या मुलीच्या वयाची, सगळीकडे सायकलनंच हिंडणारी, यंत्र हातात देताना म्हणाली होती, “काका, बाकीच्या रस्त्यांवर आम्ही फेरतपासणी करणार. तुमच्याकडे नाही. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासलीत.” यावर तो चार दिवस ताठ चालत होता.

मोजणं वाटलं तितकं सोपं नव्हतं, मात्र त्याला त्यात गंमत येत होती. आठच्या ठोक्याला पहिलीच बाई आली ती कडेवर मूल घेऊन—ही एक की दोन? पाय टेकतील तो एक, असं त्यानं ठरवलं. मग एक गृहस्थ रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले, काहीतरी विसरल्यासारखं खिसे चाचपले आणि परत फिरले. यांचं काय करायचं, अर्धा? टपालवाला तर शिवणीच्या टाक्यासारखा या बाजूनं त्या बाजूला जातच राहिला, त्याच्या एकट्याच्या अकरा झाल्या. आणि मेहुणी! समोरच्याच घरात राहणारी बायकोची धाकटी बहीण. दहा वाजेपर्यंत ती तीनदा या बाजूला येऊन तीनदा परत गेली, दरवेळी डोक्याला निराळा रुमाल.

“भावोजी, मला मोजलंत ना?” तिनं जाताजाता कुजबुजत विचारलं.

“उगाच मारलेल्या फेऱ्या धरायच्या नाहीत, असं तक्त्यावर छापलंय.”

“उगाच कुठे? ताईला बघायला येतेय मी.”

“फाटकाला हात लावून परत जातेस.”

“लांबून बघते!” म्हणत ती गेली, ती चौथा रुमाल शोधायलाच.

ताई म्हणजे त्याची बायको, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत होती. आठ महिन्यांपूर्वी एक मोटारसायकल तिला घासून गेली होती. कोपराचं हाड मोडलं, जुळलं, प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले, ‘पूर्ववत’. पण त्या दिवसापासून तिनं रस्ता ओलांडला नव्हता. तसं ती कबूल करत नसे. “तिच्याकडे जाऊन काय करू, रोज तेच तेच,” म्हणायची. आणि मग खिडकीत उभी राहून, समोरच्या खिडकीत उभ्या असलेल्या बहिणीला फोन लावायची. चाळीस फूट अंतर. दोघी एकमेकींचे हातवारे बघत फोनवर बोलत, आणि एखादं वाक्य आधी कानात, मग हवेतून, असं दोनदा पोचे… तक्त्यावर रकाने तीन होते—पायी, सायकलसह, शेरा. ओलांडायचं ज्यांनी सोडून दिलंय त्यांच्यासाठी रकाना नव्हता. तक्ता हातात पडला त्याच दिवशी हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण नियम नियमच. तराजूसुद्धा ताटलीत ठेवलं तेवढंच सांगतो.

तेवढ्यात समोरून आवाज आला.

“साहेब, यंत्र शून्यावर होतं ना सकाळी? नाही, आपलं विचारलं!”

किराणावाला. मेहुणीच्या शेजारचं दुकान त्याचं, आणि या सुधारणेला सबंध रस्त्यावर विरोध असलेला तो एकच माणूस. पदपथ रुंद झाला तर त्याच्या मालाची गाडी दारात लागणार नव्हती. तोही आज पायरीवर ठाण मांडून मोजत होता. दोन डबे घेऊन. माणूस गेला की एकातला वाटाणा दुसऱ्यात.

“हे काय विचारणं झालं?” साहेब करड्या आवाजात म्हणाला, आणि तोंड मिटता मिटताच यंत्राकडे बघितलं.

होतं का शून्यावर?

न तपासलेलं माप त्यानं आयुष्यात वापरलं नव्हतं. म्हणून सकाळी साडेसातला, चहाचा कप बाजूला सारून, त्यानं यंत्राचा खटका पंचवीस वेळा दाबला होता. पंचवीस दाब, पंचवीस आकडे, उत्तम. आता बाजूची फिरकी फिरवून शून्य करायचं… आणि तेव्हाच बायको आतून ओरडली होती, “अहो, दूध वर येतंय, बघा जरा!” तो उठला. गॅस बंद केला. यंत्र—हातात होतं की टेबलावर? फिरकी फिरवल्याचं बोटाला आठवत होतं. पण बोटाला तर गॅसची कळ फिरवल्याचंही आठवत होतं, आणि दोन्ही एकाच दिशेला फिरतात. मग आठ वाजले, ती कडेवरच्या मुलाची बाई आली, आणि त्यानं तिच्याकडे बघत दाबलं. तिच्या पायांकडे. आकड्याकडे नाही.

तक्त्यावर नऊ वाजताची नोंद होती एकाहत्तर. एकाहत्तर की शेहेचाळीस? दोन्ही आकडे त्याच्याकडे सारख्याच निर्मळ चेहऱ्यानं बघत होते, जसे लबाड दुकानदार बघायचे.

अकरा वर्षांपूर्वी, नोकरीत असताना, याच किराणावाल्याच्या रिकाम्या ताटलीवर काट्यानं दहा ग्रॅम दाखवले होते. “सकाळी शून्य होतं साहेब, चांगलं आठवतंय मला,” तो काकुळतीला आला होता, आणि साहेबानं सहा गिऱ्हाइकांसमोर, सील ठोकता ठोकता, प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं होतं : “शून्य आठवायचं नसतं. बघायचं असतं.” काय वाक्य होतं! घरी येऊन बायकोलाही ऐकवलं होतं. तीन दिवस दुकानाचा काटा बंद राहिला.

दुपारपर्यंत त्यानं एक मार्ग काढला. यंत्रावर चारशे नव्हे, चारशे पंचवीस व्हायला हवेत. म्हणजे शून्य असो वा नसो, माप पुरं. एवढं ठरलं आणि त्याचा स्वभावच बदलला. ज्या माणसानं जन्मभर लोकांना अडवलं, तो आता लोकांना बोलवायला लागला. पलीकडे कुणी नुसतं रेंगाळताना दिसलं की हा इकडून आशेनं बघे. मोटारीला हात दाखवून थांबवी. एका म्हाताऱ्याला तर त्यानं उठून, दंडाला धरून अलीकडे आणलं. “पण मला तिकडेच राहायचं होतं,” म्हातारा म्हणाला. त्याला परत पोचवावं लागलं. या दोन धरायच्या की नाहीत यावर त्यानं दहा मिनिटं घालवली, आणि तेवढ्यात तीन सायकलवाले जवळजवळ निसटले.

चार वाजता मेहुणी सातव्यांदा आली, आता गॉगल लावून. अंगठा खटक्यावर होता. नुसतं दाबायचं. जाणं आणि येणं, दोन. तिच्या आतापर्यंतच्या सगळ्या धरल्या तर चौदा, आणि बाई खरोखर रस्ता ओलांडते आहे, तिच्या खऱ्या पायांनी. यात खोटं ते काय? आणि हे मी कुणासाठी करतोय? माझ्यासाठी? ती वर खिडकीत… अंगठा खटक्यावर तसाच राहिला. दाबला नाही, उचललाही नाही. मेहुणी गॉगलमधून डोळा मारून गेली, जो त्याला दिसला नाही.

सहाला दहा कमी असताना यंत्रावर ०४०९ होते. म्हणजे पुरले, नाहीतर सोळा कमी पडले. रस्ता रिकामा झाला होता, हट्टानं झाल्यासारखा. सहाला अभियंताबाई येणार, तक्ता घेणार, बघणारसुद्धा नाही. सही कराल ना काका, एवढंच म्हणेल…

“अहो.”

बायको फाटकात उभी होती. चप्पल बाहेरची. हातात पिशवी, जिच्यात काहीही नव्हतं.

“तुमचं ते चाललंय तोवर मला जरा पलीकडे सोडा. सकाळपासून ती वेडी सात वेळा आली. गॉगल लावला तेव्हा म्हटलं, आता आपणच जावं, नाहीतर ही दाढी लावून येईल.”

“आत्ता?”

“का, आत्ता रस्ता बंद आहे?”

त्यानं हात पुढे केला. ती उतरली. आधी डावीकडे बघितलं, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी मधोमध आल्यावर ती थांबली. पुढेही नाही, मागेही नाही. तिची नखं त्याच्या मनगटात रुतली. सकाळी खिसे चाचपत परतलेले गृहस्थ त्याला आठवले, अर्धा… “चला,” ती म्हणाली, त्याला नव्हे, आपल्या पायांना. आणि मग पलीकडचा दगड आला, मेहुणीचं दार, मेहुणीचा आरडाओरडा, “ताई, अगं फोन तरी करायचा!”

पायरीवर किराणावाल्यानं डब्यात दोन वाटाणे टाकले. टप, टप.

“माझाही धरलात?” साहेबानं विचारलं.

“पाय टेकलेत ना.”

साहेबानं घसा खाकरला. “शेठ… मला शून्य आठवत नाही.”

किराणावाल्यानं वर बघितलं. चेहऱ्यावर हसू येईल असं वाटलं, आलंही असतं. पण अकरा वर्षं जपून ठेवलेला क्षण असा हातात आयता पडल्यावर त्याला तो कुठे ठेवावा तेच सुचेना.

“आठवायचं नसतं ते,” तो एवढंच पुटपुटला, आणि डबा पुढे सरकवला. “आठला अर्धा तास कमी असतानाच बसलो होतो, पण पहिला वाटाणा आठच्या ठोक्याचा. मूल होतं एक कडेवर, ते धरलेलं नाही. किती झालेत मलाही माहीत नाही. मोजा तुम्हीच. कमी निघाले तर माझी गाडी दारात लागेल, जास्त निघाले तर बघू.”

साहेब पायरीवर बसला, डबा मांडीवर. रस्त्याच्या टोकाला अभियंताबाईची सायकल दिसायला लागली होती, अजून बोटाएवढी. त्यानं वाटाण्यांत हात घातला, गार होते. एक. दोन. यंत्र कुठंय? खिशात. रस्त्याच्या मधोमध असताना केव्हातरी टाकलं असणार. दाबून टाकलं की न दाबता, तेही आठवत नव्हतं. आणि गंमत म्हणजे, या वेळी ते काढून बघावंसंही वाटलं नाही.

आतून दोन्ही बहिणींचे आवाज येत होते, एकदाच, दोनदा नव्हे. त्यानं मान वर केली. समोर त्याचंच घर होतं, इकडून ते किती निराळं दिसतं. पहिला मजला, उघडी खिडकी, वाऱ्यानं हलून थांबत आलेला पडदा, आणि चौकटीत कुणीही नाही. तो बघत राहिला. नोकरीत रिकामी ताटली बघायचा तसा, काटा पुरता स्थिर होईपर्यंत.

“साहेब, कुठपर्यंत आलात?” किराणावाल्यानं विचारलं.

त्यानं हातातले वाटाणे पुन्हा डब्यात सोडले.

“आत्ता सुरू करतो,” तो म्हणाला.