कोरे उंदीर

तिनं पिंजऱ्याचं झाकण सरकवलं आणि एका उंदराला शेपटीला धरून वर उचललं. तो वळवळला आणि थेट हातमोज्यालाच चावायला धावला. आजारी उंदीर असं करत नाही. तो केस पिंजारून, अंगाचं मुटकुळं करून कोपऱ्यात बसतो.

"आजारी पड ना रे मेल्या," ती पुटपुटली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

डावीकडच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांना तिनं मागच्या महिन्यात जंतूंचा हलका डोस पाजला होता. ते थोडे मलूल झाले, मग सावरले. या आठवड्यात तेच जंतू सगळ्यांना दिले, तेही जबर. डावीकडच्यांची काळजी नव्हती. त्यांच्या अंगातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी म्हणजे दुधानं तोंड पोळलेली मंडळी, शत्रूला लांबूनच ओळखणारी. उजवीकडचे मात्र कोरे. ते जंतू कधीच न पाहिलेल्या उंदरांना प्रयोगशाळेत सगळे कोरेच म्हणत. ते आतापर्यंत आडवे व्हायला हवे होते, आणि हे बेटे जाळीला लोंबकळत होते.

प्रयोगाची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला शीतकपाट बंद पडून सगळे नमुने नासले, तेव्हा ती ढसाढसा रडली होती. या वेळी ती नुसती स्टुलावर बसून राहिली. नोकरीचं पुढचं वर्ष याच प्रयोगावर लटकलेलं होतं. रडायलाही अंगात जोर लागतो.

पिंजरे धुणारे मामा भुशाची गोणी ओढत आत आले.

"ताई, बघा तरी! सगळी पोरं ठणठणीत."

"हो ना. मामा, भुसा कसा घालता?"

"तुम्ही सांगितलंत तसाच. सगळ्या पिंजऱ्यांतला जुना, वापरलेला भुसा मूठ मूठ कालवून सगळ्यांना सारखा. एक दिवस चुकवला नाही."

ती स्टुलावरून ताडकन उठली. सांगितलं तिनंच होतं. सगळ्यांच्या पोटातले नेहमीचे जंतू सारखे व्हावेत, म्हणून. पहिला डोस दिल्यावर 'आता पुरे' म्हणायचं तेवढं राहून गेलं. डावीकडच्यांच्या लेंड्यांतून जंतू भुशात गेले, भुशातून उजवीकडे. दुपारी तिनं दोन कोऱ्या उंदरांच्या प्लीहा काढून टी पेशी मोजल्या. जुन्या ओळखीच्या असाव्यात तशा त्या भराभर वाढल्या होत्या.

सर दारातूनच म्हणाले, "काय म्हणतायत कोरे?"

"कोरे नाहीत ते, सर." तिनं सगळं सांगितलं.

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "भुसा घालतं कोण? त्याला आधी घरी बसवतो."

"मामा घालतात. पण त्यांना थांबा म्हणायचं मी विसरले."

"हे असंच वर कळवलं तर तुझं वर्ष वाढवणं माझ्या हातात राहणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

ती शब्द फिरवते का, म्हणून ते जरा थांबले. तिनं हातमोजे काढून कचऱ्यात टाकले.

संध्याकाळी ती पर्स उचलून निघाली, तर मामा मोरीपाशी पिंजरे घासत होते.

"ताई, नवे उंदीर कधी येणार? तसं धुऊन ठेवतो सगळं."

"ते नव्या ताई सांगतील."

"तुमचं आपलं काहीतरीच!" म्हणत मामा खो खो हसले, आणि पुढचा पिंजरा घासायला घेतला.