समुद्रकाठचा गोटा

वुतोंग डोंगराच्या फाटकाशी रखवालदाराने माझी टोपली उपसली.

"आजी, काडेपेटी? उदबत्त्या? जंगलात विस्तव चालत नाही."

"मग कबरीतल्या माझ्या आईला काय तुझी शिट्टी वाजवून उठवू?"

तो हसला, पण काडेपेटी-उदबत्त्या ठेवूनच घेतल्या. नैवेद्याचे तांदळाचे हिरवे उंडे आणि कागदाच्या पट्ट्या तेवढ्या राहू दिल्या. माझी सून हिउ-लिंग कुजबुजली, "आई, भांडू नका, अजून चढायचंय."

माझ्या लहानपणी हा डोंगर बोडका होता. सरपणासाठी आम्हीच तो खरवडला. आता शेनझेनच्या इमारतींच्या डोक्यावर एवढं रान माजलंय की ओळखीची वाट सापडेना. जिकडेतिकडे गुलाबी फुलं. कुठेतरी भेकर ओरडलं, तशी सून मला बिलगली.

आमच्यात कबर झाडून वर कागदाची पट्टी दगडाखाली ठेवतात. घरचं माणूस येऊन गेलं, हे त्यावरून कळतं. सान-मोई, माझी धाकटी बहीण, तरुणपणी हाच डोंगर उतरून, चोरून खाडी पोहून हाँगकाँगला गेली. पुढे येणंजाणं खुलं झालं. ती शरदात यायची, मी वसंतात. तिच्या पट्टीवर नेहमी तिकडच्या किनाऱ्यावरचा काळा, गुळगुळीत गोटा असे. फोनवर म्हणायची, "डोंगरातलाच दगड ठेवला तर आईला कसं कळणार, मी आले ते?"

गेल्या वर्षापासून तिचा फोन लागत नाही. यंदा गोटा आहे का, एवढंच मला बघायचं होतं.

कबरीवर झाडाएवढा नेचा उगवला होता. संरक्षित वनस्पती, कापू नये, असं पाटीवर लिहिलेलं. मी त्याचं पान हाताने वर उचललं.

पट्टी होती. विटलेली, पण गेल्या शरदातलीच. तिच्यावर डोंगरातला खडबडीत दगड.

"आल्या होत्या की मावशी!" सुनेला हायसं वाटलं.

"कुणीतरी आलं होतं," मी म्हटलं. "तिचा मुलगा असेल. त्याला गोट्याचं माहीत नसणार."

सुनेने टोपली खाली ठेवली.

जुन्या वर्षांचे गोटे बाजूला शेवाळात पडले होते. त्यातला एक मी बाहीने पुसला. माझी पट्टी साध्या दगडाखाली ठेवली आणि टोपलीतून आणखी एक पट्टी काढली.

"दोन कशाला, आई?"

"एक तिची."

ती मी पुसलेल्या गोट्याखाली ठेवली. गोटा थंडगार होता. पूर्वी इथून पलीकडचा किनारा दिसायचा. मी उगाच टाचा उंचावून पाहिलं, झाडंच झाडं. मग नेच्याचं पान सोडलं. ते हलकेच सगळ्यावर परत आलं.