भिजवून पास केलेला कीबोर्ड

आमच्या मच्छीमार संस्थेच्या ऑफिसात मासळीचा वास भिंतीत मुरलेला आहे, आणि त्या वासाला उंदीर येतात. मासळी मिळत नाही, मग जे मिळेल ते कुरतडतात. २००८ च्या एप्रिलात त्यांनी संस्थेच्या एकुलत्या एक कम्प्युटरच्या कीबोर्डची वायर खाल्ली. चव आवडली असावी, कारण माऊसचीही खाल्ली. मी तिथली कारकून, लागून जेमतेम सहा महिने झालेली. मीच शहाणपणा केला की बिनवायरचा सेट घेऊ, खायला वायरच नको. तालुक्याच्या गावी, मूलला जाऊन साडेसहाशेचा, दुकानातला सगळ्यात स्वस्त सेट मीच घेऊन आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण संस्थेत आलेली कुठलीही वस्तू तपासणी समितीनं पास केल्याशिवाय वापरता येत नाही. समिती म्हणजे अध्यक्ष डोमाभाऊ आणि रुखमाबाई. दोघांच्या वयाची बेरीज सव्वाशेच्या वर. जाळ्याची गाठ नुसती चाचपून ती कुणाच्या हातची ते सांगणारी माणसं. त्यात माझ्याआधीचे कारकून भैयाजी गावभर सांगत फिरत होते की कम्प्युटरच बंद असेल तर पोरीला कशाला ठेवता, मी आहे ना. भैयाजींचं अक्षर भैयाजींनाही लागायचं नाही, पण ते डोमाभाऊंचे मेहुणे पडले. सेट नापास झाला की माझी नोकरी गेली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तपासणी सुरू झाली. डोमाभाऊंनी कीबोर्ड तळहातावर तोलला आणि हलका आहे म्हणाले. रुखमाबाईंनी बैल घेताना पाहतात तशी एकेक कळ हलवून पाहिली आणि याचे दात हलतात असा शेरा दिला. मग वायर नाही म्हणता तर चालतो कुठपर्यंत, हे पाहायला डोमाभाऊ कीबोर्ड काखेत मारून तलावाच्या दिशेनं निघाले. दर दहा पावलांवर थांबून ते कळ दाबायचे, मी खिडकीतून अक्षर आलं की नाही ते ओरडून सांगायचे. बोरिंगच्या पंपाअलीकडे अक्षरं यायची थांबली. डोमाभाऊंना ते मंजूर नव्हतं, पण चालवून घेतो म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात ते म्हणाले, आता भिजवा.

मला वाटलं, थट्टा करतात. थट्टा नव्हती. भैयाजी जुनं ठरावाचं पुस्तक घेऊन तयारच होते. जाळं असो, दोर असो की आणखी काही, संस्थेनं घेतलेला माल दिवसभर तलावात भिजवून मगच स्वीकारावा, असा ठराव १९७९ साली झालेला. माझं डोकं फिरलं. मी चढ्या आवाजात सांगितलं की हे जाळं नाही, विजेची वस्तू आहे, पाण्यात मरेल. डोमाभाऊंनी सगळं ऐकून घेतलं.

"कोरडं जाळं पाहून मी एकदा सही केली होती, पोरी," ते म्हणाले. "पाण्यात गेलं अन् गाठी सुटल्या. सारा गाव तलावाच्या पाळीवर उभा होता. वर्साची मासोळी माह्या डोयादेखत निंघून गेली."

मी फक्त एवढं केलं, की सेल आणि कम्प्युटरच्या मागे खोचायचं ते बोटाच्या पेराएवढं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं. सेल आमच्या घरच्या रेडिओतले आहेत, संस्थेचे नाहीत, असं खोटंच ठोकून दिलं. सकाळी सेट जाळीत बांधून तलावात सोडला, संध्याकाळी काढला. पुढचे तीन दिवस तो मासोळ्या-झिंग्यांच्या शेजारी बांबूच्या तट्ट्यावर वाळत होता. मे महिन्याचं ऊन आमच्याकडे माणसालाही वाळवून काढतं. मी दर तासाला जाऊन त्याला उलटवायचे आणि कावळे हाकलायचे. येणारा जाणारा विचारायचा, याची भाजी कशी करतात.

चौथ्या दिवशी ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. मी सेल घातले. देवाला नवस बोलायचं सुचलं नाही, इतकी घाबरले होते. कळ दाबली आणि पडद्यावर अक्षर आलं. मग दुसरं आलं. माऊस मात्र ढिम्म. हलवला, आपटला, सेल बदलले, बाण जागचा हलेना.

भैयाजी खूश झाले. माऊसविना कम्प्युटर म्हणजे वल्ह्याविना डोंगा, असं त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. डोमाभाऊ माझ्याकडे पाहत म्हणाले की जाळं अर्धं फाटलं तरी फाटलंच म्हणतात.

मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. मी खुर्ची ओढली. मूलच्या क्लासमध्ये एका कम्प्युटरवर आम्ही पाच जण होतो आणि माऊस कायम पोरांच्या मुठीत. आम्हा पोरींच्या वाट्याला कीबोर्डचा कोपरा यायचा. त्या कोपऱ्यातून मी सगळं कळांवर शिकले होते. माऊसला हात न लावता मी सभासदांची यादी उघडली, रुखमाबाईंच्या नावापर्यंत गेले, चुकलेलं वय दुरुस्त केलं आणि कागद छापून त्यांच्या हातात दिला.

"मंग माऊस काऊन घेतला?" डोमाभाऊंनी विचारलं.

"डब्यात संगच येते, भाऊ. एकटा कीबोर्ड देत नाई."

रुखमाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. डोमाभाऊंनी तो निपचित माऊस उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "शेरा लिही. कीबोर्ड पास. माऊस नापास. कारकून पास."

मी टाइप करू लागले. पहिली दोन वाक्यं झरझर झाली. तिसऱ्या वाक्याला तीनदा चुकले, आणि त्यात कीबोर्डचा काही दोष नव्हता.